चाकावरची कला आणि चालकाची मजुरी

२०२६ च्या प्रजासत्ताकदिनाच्या पूर्वसंध्येस जाहीर झालेल्या पद्मश्रींच्या यादीत महाराष्ट्रातील दोन लोककलावंतांची नावे होती. एक जव्हार तालुक्यातील वयोवृद्ध तारपावादक भिकल्या लाडक्या धिंडा यांचे आणि दुसरे तमाशा फडाचे रघुवीर खेडकर यांचे. दोन्ही सन्मान उचितच होत. परंतु अर्थशास्त्राच्या दृष्टीने या दोन कलांमध्ये एक मूलभूत भेद आहे. तारपा वादकाच्या हातातून गावोगाव जातो. खोडाळा-मोखाडा परिसरातील बोहाड्यात देवादिकांचे मुखवटे गावचीच माणसे धारण करतात, संबळाच्या तालावर गावच्याच वाटेने रात्रभर नाचतात आणि उजाडल्यावर आपापल्या घरी परततात. कला आणि प्रेक्षक यांच्यामध्ये तेथे वाहतूक येत नाही. ढोलकीफडाच्या तमाशाचे तसे नाही. त्याचा रंगमंच, कनाती, खांब, दिवे, जनित्र, ध्वनिक्षेपक, एवढेच काय, चूल आणि भांडीकुंडीही मालमोटारींत चढून गावामागून गाव करतात. ही कला अक्षरशः चाकांवर उभी आहे. आणि तरीही त्या चाकांचा भार ज्याच्या हाती असतो त्या चालकाची दखल सन्मानपत्रात नसते, अनुदानाच्या नियमांत नसते आणि सुपारीच्या करारात तर नसतेच.

फडाचा हंगाम विजयादशमीच्या सुमारास सुरू होतो आणि बुद्धपौर्णिमेच्या आसपास मिटतो. प्रारंभीचे महिने तिकिटावरील तंबूतल्या खेळांचे. चैत्र लागला की ग्रामदैवतांच्या यात्रा सुरू होतात. जुन्नर तालुक्यातील नारायणगाव येथे फडमालकांच्या राहुट्या पडतात, गावोगावचे पंच तेथे येऊन सुपारी ठरवतात. रक्कम ठरते, तारीख ठरते, वगाचे नावही कधी ठरते. एका गावाहून दुसऱ्या गावाचे अंतर किती, मधला घाट कोणता आणि तो ओलांडणाऱ्याने आदल्या रात्री झोप घेतली आहे काय, याची चौकशी या व्यवहारात होत नाही.

वस्तुतः फडाच्या चालकाचे काम नेहमीच्या मालवाहतुकीहून निराळे आहे. बाजारपेठेतून माल घेऊन निघालेल्या गाडीला उशीर झाला तर माल उशिरा पोहोचतो आणि फार तर भाडे कापले जाते. यात्रेचा दिवस मात्र पंचांगाने बांधलेला असतो. तो हुकला तर सुपारीच बुडते. तंबूतला खेळ रात्री संपला की खांब उपसणे आणि कनाती गुंडाळणे सुरू होते. यात्रेच्या गावी दुसऱ्या दिवशी सकाळची हजेरी आटोपली की लगेच गाड्या भरण्याची घाई होते. मनुष्यबळ अपुरे असेल तर चालकालाही ओझ्याला हात लावावा लागतो. त्यानंतर त्याचे खरे काम, म्हणजे वाहन हाकणे, सुरू होते. नव्या गावी पोहोचल्यावर दिवसा झोप घ्यावी तर गाडीची सावली हेच अंथरूण आणि शेजारी ध्वनिक्षेपकाची चाचणी. ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या मोठ्या मालमोटारींत चालकाची कक्ष वातानुकूलित असणे बंधनकारक झाले, ही स्वागतार्ह गोष्ट आहे; परंतु जुनी गाडी दुरुस्त करून हंगाम काढणाऱ्यास त्या नियमाचा काय उपयोग?

मोबदल्याची रीतही पाहण्याजोगी आहे. फडात हंगामापूर्वी उचल देण्याची प्रथा रूढ आहे. पावसाळ्याच्या रिकाम्या महिन्यांत कुटुंब चालवण्यासाठी घेतलेली ती रक्कम पुढे मजुरीतून फिटते. खोडाळ्याच्या वाचकास ही रीत समजावून सांगण्याचे कारण नाही. भातकापणी संपून दिवाळी उलटली की याच डोंगराळ भागातील आदिवासी कुटुंबे उचल घेऊन वीटभट्ट्यांच्या वाटेला लागतात. उचलीवर व्याज लिहिलेले नसते; ते मजुरीच्या दरात दडलेले असते. ज्याने आगाऊ पैसे घेतले, त्याला दर ठरवताना तोंड उघडता येत नाही आणि मध्येच काम सोडता येत नाही. १९७६ च्या कायद्याने वेठबिगारी नष्ट झाली. १९८२ साली आशियाई क्रीडास्पर्धांच्या बांधकामावरील मजुरांसंबंधी निर्णय देताना, किमान वेतनाहून कमी मोबदल्यात घेतलेले काम ही राज्यघटनेच्या २३ व्या अनुच्छेदाने निषिद्ध ठरवलेली सक्तीची मजुरीच होय, असे सर्वोच्च न्यायालयाने सांगितले. तो निर्णय वीटभट्टीस लागू पडतो तसा फडासही लागू पडतो.

अर्थात सारा दोष फडमालकाच्या माथी मारणे अन्यायाचे ठरेल. उचल वाटण्यासाठी तो स्वतःच सावकाराचे कर्ज काढतो. २०२० साली गुढीपाडवा २५ मार्च रोजी होता. देशव्यापी टाळेबंदीचा तो पहिलाच दिवस. सुपाऱ्यांचा हंगाम ज्या दिवशी उघडावयाचा त्याच दिवशी तो बंद झाला. यात्रा रद्द झाल्या, उचली मात्र फिटावयाच्या राहिल्या. विल्यम बॉमोल आणि विल्यम बोवेन या अर्थशास्त्रज्ञांनी १९६६ साली प्रयोगकलांच्या ज्या दुखण्याचे निदान केले, ते येथे तंतोतंत आढळते. कारखान्यात यंत्र आले की तेवढ्याच श्रमात अधिक माल निघतो. परंतु गण, गौळण आणि वग सादर करण्यास पूर्वी जितकी माणसे लागत तितकीच आजही लागतात. उत्पादकता वाढत नाही, इतरत्र वाढलेल्या वेतनांमुळे खर्च मात्र वाढतो. तमाशात तर यंत्राने खर्चात भरच घातली: दिवे, पडदे आणि जनित्र आले, त्यांच्यासाठी गाड्या वाढल्या. डिझेलचा भाव फडमालकाच्या हाती नाही, सावकाराचे व्याज नाही, नामवंत कलावतीचे मानधनही नाही. काटकसरीस उरते ती चालकाची मजुरी आणि त्याची झोप.

कायदा याविषयी अगदीच मुका नव्हता. १९६१ च्या मोटार परिवहन कामगार अधिनियमाने दिवसाला आठ व आठवड्याला अठ्ठेचाळीस तासांची मर्यादा घातली, पाच तासांच्या कामानंतर अर्ध्या तासाची विश्रांती दिली आणि जादा कामास दुप्पट वेतन सांगितले. स्वतःच्या धंद्याचा माल स्वतःच्या गाडीतून नेणाराही त्याच्या कक्षेत येत होता. म्हणजे पाच परिवहन कामगार असलेला फड त्यातून सुटत नव्हता. त्याची अंमलबजावणी करण्यास तंबूच्या दारी कोणी गेले नाही, ही गोष्ट वेगळी. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या श्रमसंहिता अमलात आल्या आणि हा अधिनियम त्यांत विलीन झाला. आता परिवहन उपक्रमासाठी उंबरठा पाचाचा दहा झाला आहे. गाड्या निरनिराळ्या मालकांच्या नावे अथवा हंगामापुरत्या भाड्याच्या असतील, तर दहाचा आकडा कागदावर भरणार तरी कधी?

संगीताच्या दौऱ्यांची वाहतूक अन्यत्रही होते. युरोपीय संघाच्या २००६ च्या नियमानुसार चालकाने दिवसाला सामान्यतः नऊ तासच गाडी हाकावी आणि साडेचार तासांनंतर पाऊण तास थांबावे, असे बंधन आहे. गाडीतील यंत्र त्याची नोंद ठेवते. अमेरिकन गायिका टेलर स्विफ्ट हिने २०२३ मध्ये आपल्या दौऱ्यावरील मालमोटारचालकांना प्रत्येकी एक लाख डॉलर बक्षीस दिल्याचे वृत्त जगभर गाजले. तिच्या औदार्याचे कौतुक अवश्य व्हावे. परंतु तमाशाच्या भाषेत बोलावयाचे तर ती दौलतजादा होय. दौलतजादा देणाऱ्याच्या मर्जीवर असते. तिच्यावर संसार उभारता येत नाही. आपल्याकडील चालकाच्या वाट्याला तर दौलतजादाही नाही, कारण ती उधळली जाते तेव्हा तो कनातीबाहेर असतो.

मग करावे काय? पहिली गोष्ट अशी, की सुपारीच्या करारात वाहतुकीचे स्वतंत्र कलम असावे: अंतर, निघण्याची वेळ, चालकाच्या विश्रांतीचे तास आणि लांबच्या पल्ल्यास दुसरा चालक. तो खर्च सुपारीत उघडपणे धरला जावा. यात्रेसाठी वर्गणी गोळा करणाऱ्या गावास तो असह्य वाटू नये. दुसरी गोष्ट, सांस्कृतिक कार्य संचालनालय फडांना जे अनुदान देते, त्यास चालक व क्लीनर यांची नोंदवही, बँकेतून वेतन आणि अपघातविमा यांची अट जोडावी. कलावंतांच्या वृद्धापकाळासाठी शासनाची मानधन योजना आहे. आयुष्यभर फडाची गाडी हाकलेला चालक कलावंत नव्हे म्हणून तीत बसत नाही. त्याच्यासाठी माथाडींचे उदाहरण पुढे आहे. कामगार एका मालकाचा नसला तरी प्रत्येक कामावर अधिभार घेऊन त्याची भविष्यनिधी उभी करता येते, हे महाराष्ट्राने १९६९ च्या माथाडी कायद्याने देशाला दाखवले. प्रत्येक सुपारीवर लहानसा अधिभार घेऊन मंडळामार्फत तो चालकाच्या खाती जमा करणे अशक्य नाही.

यावर एक आक्षेप हमखास येईल: आधीच मरणपंथाला लागलेल्या कलेवर हा नवा बोजा कशाला? आक्षेप सहानुभूतीने केलेला असला तरी त्यात गल्लत आहे. हा बोजा नवा नाही. तो आजही कोणीतरी वाहतो आहे. फक्त हिशेबाच्या वहीत त्याची नोंद नाही. रात्री घाटात एखाद्या चालकाचा डोळा लागला तर ती किंमत चालक, क्लीनर आणि गाडीतील सारी मंडळी एकदम मोजतात, आणि त्या फडाचा पुढचा हंगाम बहुधा उगवत नाही. पुढील चैत्रात नारायणगावच्या राहुट्यांमध्ये सुपाऱ्या लिहिल्या जातील, तेव्हा रक्कम आणि तारीख यांच्याखाली चालकाच्या विश्रांतीची आणि मजुरीची एक ओळ पंचांनीच आग्रहाने लिहवून घ्यावी. कायद्याचा निरीक्षक तंबूपर्यंत पोहोचण्यास वेळ लागेल. गावचे पंच मात्र तेथे दरवर्षी जातातच.