फवारणी पंपाला मोटर किती अश्वशक्तीची लावावी?



ऑक्टोबर छाटणीनंतर कोवळ्या फुटीवर पाऊस झाला, की केवड्याची, म्हणजे डाऊनीची फवारणी उद्यावर ढकलता येत नाही. नेमकी त्याच दिवशी मोटर जळाली तर? एका बागेत पीक पाहणीसाठी गेलो असता तीन अश्वशक्तीची मोटर एकाच हंगामात दुसऱ्यांदा जळालेली दिसली. मालकांचा सगळा राग कमी दाबाच्या विजेवर होता. विजेचा दोष होताच. पण पंपाचा हिशेब मांडल्यावर मोटरच अपुरी निघाली. माझा विषय पीकशास्त्राचा, तरी हा हिशेब कोणालाही जमण्यासारखा आहे.

तीन दट्ट्यांचा एच.टी.पी. पंप घ्या. दट्ट्याचा व्यास ३ सें.मी. व धाव २ सें.मी. धरू. दट्ट्याचे क्षेत्रफळ ७.०७ चौ.सें.मी.; त्याला धावेने व तीनने गुणले, की एका फेऱ्यात ४२.४ घ.सें.मी. द्रावण बाहेर पडते. मिनिटाला ८५० फेरे झाले तर सुमारे ३६ लिटर.

आता टॉर्क, म्हणजे दांडा फिरविण्यासाठी लागणारा पीळ. दाब ३५ किलो प्रति चौ.सें.मी. ठेवला, तर ३५ ला ४२.४ ने गुणून ६.२८ ने भागावे. उत्तर २३६ किलोग्रॅम-सें.मी., म्हणजे २.३६ किलोग्रॅम-मीटर येते. घर्षणात काही जोर जातो. पंपाची कार्यक्षमता ८५ टक्के धरल्यास २.७८ लागतो. यास फेऱ्यांनी गुणून ७१६ ने भागले, की अश्वशक्ती मिळते: ३.३. पट्ट्यातील पाच टक्के घट धरता मोटरवर साडेतीन अश्वशक्तीचा भार पडतो. तीनची मोटर पुरणार कशी? येथे पाचचीच घ्यावी.

या हिशेबात टॉर्क काढताना फेरे कोठेच आले नाहीत, हे लक्षात घ्या. "पंप हळू चालवतो, म्हणजे पीळ कमी लागेल," असे पुष्कळजण म्हणतात. ते खरे नाही. हळू चालविल्यास द्रावण व अश्वशक्ती कमी होते. दाब तोच असेल तर पीळ तेवढाच राहतो. ट्रॅक्टरच्या पी.टी.ओ.च्या ५४० फेऱ्यांवर हा पंप थेट जोडला तर सुमारे २३ लिटरच मिळतील, पण पीळ २.७८ च. पुल्या बदलून ८५० फेरे केले, तर पी.टी.ओ.वर ४.४ किलोग्रॅम-मीटरपर्यंत ताण येईल.

वरील आकडा सरासरीचा आहे. एकच दट्ट्या असता तर धावेच्या मध्यावर पीळ सरासरीच्या तिपटीहून थोडा जास्त झाला असता आणि पट्टा दर फेऱ्याला हिसके खात राहिला असता. तीन दट्ट्या १२० अंशांवर असल्याने एकाचा जोर ओसरतो तोच दुसरा उचलतो. कमाल पीळ सरासरीहून जेमतेम पाच टक्के वर जातो. गंमत म्हणजे चार दट्ट्यांच्या पंपात हाच फरक अकरा टक्के असतो! म्हणून अशा पंपांत तीन किंवा पाच दट्ट्या सोयीच्या ठरतात.

मोटर सुरू करताना रेग्युलेटर सैल करून ठेवावा. द्रावण टाकीत परत येऊ लागले आणि मोटरने पूर्ण वेग घेतला, की मगच दाब हळूहळू वाढवावा. गन बंद असताना द्रावण परत टाकीत जाते म्हणून भार उतरला असे समजू नये. दाबमापकावर ३५ चा काटा दिसत असेल तोवर मोटर पूर्ण भारावरच चालू असते.