सव्वाआठ तासांचा दिवस

कॅनडाने हात आखडता घेतला, ही बातमी आता घराघरांत पोचली आहे. २०२६ ते २०२८ या तीन वर्षांत कायम वास्तव्याचे परवाने दरसाल ३ लाख ८० हजारांवर थांबणार; २०२५ साठी एके काळी पाच लाखांचं लक्ष्य होतं. जर्मनीने मात्र ऑक्टोबर २०२४ मध्ये कुशल भारतीयांसाठीचे व्हिसा वर्षाला २० हजारांवरून ९० हजारांवर नेण्याचं जाहीर केलं, आणि आपल्या राज्याने त्याच वर्षी बाडेन-व्युर्टेमबर्ग प्रांताशी दहा हजार कुशल माणसं पाठवण्याचा करार केला. तेव्हा जे कालपर्यंत टोरांटोचं बोलत होते, त्यांनी आता स्टुटगार्टचं बोलायला लागणं साहजिक आहे.

यातल्या एका गटाबद्दल मला लिहायचं आहे, कारण त्याची कोणी वेगळी दखल घेत नाही. इथून थेट निघणाऱ्यांचा हा गट नाही. आधीच सौदीत, कतारमध्ये, दुबईत दहा-बारा वर्षं काढलेली आणि आता बायकामुलांसह थेट उत्तरेला निघालेली ही कुटुंबं आहेत. आमचं देगलूर तेलंगणाच्या सीमेला खेटून. नांदेडहून संगारेड्डीकडे जाणारा महामार्ग इथूनच पुढे जातो. पलीकडचा निजामाबादचा पट्टा तर आखातात जाणाऱ्यांसाठी ओळखलाच जातो. मजुरीला जाणारा एकटा जातो, पैसे धाडतो, परत येतो. परिचारिका, लॅब टेक्निशियन, इंजिनिअर कुटुंब घेऊन जातात, आणि त्यांचंच गणित गेल्या काही वर्षांत बिघडलं. सौदीने जुलै २०१७ पासून अवलंबून असलेल्या प्रत्येक माणसामागे महिन्याला १०० रियाल शुल्क लावलं आणि ते वर्षावर्षाने वाढवत २०२० मध्ये ४००वर नेलं. बायको आणि दोन मुलं म्हणजे महिन्याला १२०० रियाल. त्यात वीस वर्षं राहा की तीस, नागरिकत्व जवळजवळ कोणालाच मिळत नाही. मुलगी बारावी झाली की पुढे काय, हा प्रश्न रियाधमधल्या प्रत्येक घरात आहे.

म्हणून निघायचं ठरतं, आणि तयारी सुरू होते ती जॅकेटांपासून. आतले कपडे, लोकरी मोजे, बर्फात न घसरणारे बूट, कुठलं आधी आणि कुठलं वर. हे सगळं लागतंच. वाऱ्यामुळे जाणवणारी थंडी उणे २८च्या खाली गेली तर उघडी कातडी दहा ते तीस मिनिटांत गोठू शकते, असं कॅनडाचं हवामान खातं सांगतं. पण थंडीवर पैशाने इलाज होतो. घरं आतून वीस-एकवीस अंशांवर ठेवलेली असतात, आणि आखातात एसीच्या हवेत वाढलेल्या मुलांना एवढा गारवा नवा नसतो. जे विकत घेता येत नाही, ते आहे ऊन.

देगलूरला वर्षातला सगळ्यांत छोटा दिवस अकरा तासांचा. रियाधला साडेदहा तासांपेक्षा थोडा जास्त. टोरांटोला पावणेनऊ तासांहून जरासा मोठा, स्टुटगार्टला सव्वाआठ, एडमंटनला साडेसातच्या आत. स्टुटगार्टला डिसेंबरात सूर्य सव्वाआठच्या सुमारास उगवतो आणि साडेचारला मावळतो. म्हणजे आई कामाला आणि मूल शाळेला अंधारात निघतं आणि आई अंधारातच परत येते. वर आभाळ असलं तर मधल्या वेळेतही सूर्य दिसेलच असं नाही.

आखातातून जाणाऱ्यांना हे इथून जाणाऱ्यांपेक्षा जास्त जड जातं, असं मला वाटतं, आणि त्याचं कारण त्यांचं वर्ष उलटं आहे. तिथे जून ते सप्टेंबर दारं-खिडक्या बंद, बाहेर पाऊल नाही. नोव्हेंबर उजाडला की माणसं बाहेर पडतात. समुद्रकाठी, बागेत, वाळवंटात डबे घेऊन. मुलांचं खेळणं, बायकांचं एकमेकींकडे जाणं, मंडळाचे कार्यक्रम, सारं नोव्हेंबर ते फेब्रुवारी या चार महिन्यांत. उत्तरेत नेमके हेच चार महिने दार लावून घेणारे. शरीर जेव्हा मोकळं व्हायची वाट पाहत असतं, तेव्हा त्याला कोंडलं जातं.

या विषयावर बोलण्याचा सगळ्यांत जास्त अधिकार मी नॉर्मन रोझेन्थाल यांना देईन, कारण त्यांनी हे आधी भोगलं आणि मग अभ्यासलं. ते दक्षिण आफ्रिकेतल्या जोहान्सबर्गचे, म्हणजे लख्ख उन्हात वाढलेले. १९७६ साली मानसोपचाराच्या शिक्षणासाठी न्यूयॉर्कला गेले. उन्हाळ्यात अंगात उत्साह मावत नव्हता. ऑक्टोबरअखेर घड्याळं एक तास मागे गेली, इस्पितळातून बाहेर पडावं तर रात्र, आणि कामाचा डोंगर हलेना. वसंत आला तशी तब्येत पुन्हा सुधारली. हेच पुढच्या वर्षी, त्याच्या पुढच्याही वर्षी.

नंतर ते अमेरिकेच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेत गेले. तिथे हर्बर्ट कर्न नावाचे एक इंजिनिअर आले. हे गृहस्थ कित्येक वर्षं आपल्या मनाच्या चढउतारांची वहीत नोंद ठेवत होते, आणि दिवस लहान झाला की आपण खचतो हे त्यांनी स्वतःच ताडलं होतं. तिथल्याच आल्फ्रेड लेवी यांनी नुकतंच दाखवलं होतं की प्रखर प्रकाशाने माणसाच्या शरीरातलं मेलाटोनिन हे झोपेचं संप्रेरक दबतं. घरातल्या साध्या दिव्याने तसं होत नाही. मग १९८०च्या हिवाळ्यात कर्न यांना रोज पहाटे आणि संध्याकाळी प्रखर दिव्यांसमोर बसवून त्यांचा दिवस लांबवला. काही दिवसांत माणूस बदलला. १९८४ साली रोझेन्थाल आणि सहकाऱ्यांनी २९ रुग्णांवरचा निबंध प्रसिद्ध केला आणि ऋतूनुसार येणाऱ्या या उदासीला वैद्यकात नाव मिळालं. सगळेच संशोधक आज हे जसंच्या तसं मान्य करत नाहीत. हिवाळा आणि नैराश्य यांचं नातं एवढं सरळ नाही, असंही म्हणणारे आहेत. आइसलँडहून कॅनडातल्या मॅनिटोबात जाऊन वसलेल्यांच्या वंशजांत हा त्रास कमी आढळला, म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या अंधारात काढलेल्यांचं शरीर कदाचित त्याला सरावतं. आपल्या पिढ्या वैशाखाच्या उन्हात गेल्या. मी तरी रोझेन्थाल यांच्या बाजूने आहे.

माझी भीती ही की आपल्याकडे या उदासीला नाव नसतं. सून चिडचिडी झाली, दिवसभर झोपते, गोडधोड खात सुटते, मुलांवर ओरडते. फोनवर सासू म्हणते, ‘तिथं कामाला बाई नाही म्हणून कंटाळली असंल.’ नवरा म्हणतो, ‘हळूहळू सवय होईल.’ त्या बाईला कोणी विचारत नाही की तू आज दुपारी बाहेर पडलीस का.

आभाळ भरलेल्या हिवाळी दुपारी बाहेर हजार ते दहा हजार लक्स उजेड असतो; खोलीत दिवे लावून शंभर ते पाचशे. दुपारी बारा ते एक जॅकेट घालून अर्धा तास चालणं, हा फुकटचा उपाय आहे. तो जमत नसेल तर सकाळी अर्धा तास दहा हजार लक्सचा दिवा. डोळ्यांचा आजार असेल किंवा मनाची औषधं चालू असतील, तर मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

उन्हाचा दुसरा हिशेब हाडांचा. वेब, क्लाइन आणि होलिक यांनी १९८८ साली दाखवून दिलं की बॉस्टनमध्ये नोव्हेंबर ते फेब्रुवारी आणि एडमंटनमध्ये ऑक्टोबर ते मार्च, उन्हात बसूनही त्वचेत ड जीवनसत्त्व तयार होत नाही. काचेआडच्या उन्हाने तर कुठेच होत नाही. आखातात ऊन रग्गड, पण माणसं त्यापासून पळतात, अंग झाकतात, म्हणून तिथेही ड जीवनसत्त्वाची कमतरता सर्रास दिसते. म्हणजे कुटुंब निघतं तेच रिकाम्या कणगीने. सावळ्या कातडीला ऊन जास्त लागतं, आणि शाकाहारी घरात अन्नातून ते फारसं मिळत नाही. ब्रिटनमधल्या ग्लासगोत भारतीय-पाकिस्तानी मुलांमध्ये मुडदूस दिसू लागला, तेव्हा १९७९ साली तिथे मोहीम काढून ड जीवनसत्त्वाचे थेंब मोफत वाटावे लागले, आणि त्याने मुडदूस घटला. कॅनडात बाजारातल्या दुधात ते घालणं सक्तीचं आहे. जर्मनीत तशी सक्ती नाही. ज्यांची मुलं लहान आहेत त्यांनी हा फरक लक्षात ठेवावा आणि निघण्याआधीच सगळ्यांची रक्तचाचणी करून घ्यावी.

उन्हानंतर घरातली हवा. आनंदीबाई जोशी १८८३ साली डॉक्टरी शिकायला फिलाडेल्फियाला गेल्या, तेव्हा नऊवारीने कंबर उघडी पडते म्हणून त्यांनी नेसण्याची पद्धत बदलली. खोलीतली शेगडी धूर ओकायची; धूर सोसायचा की थंडी, एवढीच निवड. १८८६ मध्ये पदवी मिळाली आणि पुढच्याच फेब्रुवारीत पुण्यात क्षयाने त्या गेल्या. आज धुराची शेगडी राहिली नाही, पण बंद खोलीची अडचण वेगळ्या रूपात आहेच. आखातातल्या घरात खिडक्या महिनोन्‌महिने उघडत नाहीत, आणि तीच सवय जर्मनीत नडते. कुकरच्या तीन शिट्ट्या, भात, आंघोळीची वाफ, दोरीवर वाळत घातलेले कपडे. ही सगळी ओल गार भिंतीवर जाऊन बसते आणि कपाटामागे काळी बुरशी धरते. घरमालक भरपाई मागतो, मूल खोकतं. तिथली रीत अशी की भर हिवाळ्यातही दिवसातून दोन-तीनदा सगळ्या खिडक्या पाच-दहा मिनिटं सताड उघडायच्या आणि मग गच्च लावायच्या.

राज्य सरकारकडे माझी एक मागणी आहे. जर्मनीला धाडायच्या मुलामुलींना भाषा शिकवता, तिथेच दोन तास उजेड, थेंब आणि खिडकी यांवर द्या. त्याला काही खर्च नाही.

आणि जाण्याचा महिना. बहुतेक कुटुंबं शाळेचं वर्ष गाठायला ऑगस्टमध्ये जाऊन धडकतात. दोन महिन्यांत अंधार. त्यापेक्षा नोकरीवाल्याने एकट्याने पुढे जावं आणि बायकामुलांनी एप्रिलात. बाडेन-व्युर्टेमबर्गमध्ये उन्हाळ्याची सुट्टी जुलैअखेर लागते. तोवर मूल तीन महिने शाळेत बसतं, भाषा कानावर पडते, आणि पुढे सप्टेंबरच्या मध्यापर्यंत रात्री आठ-नऊपर्यंत उजेडात खेळायला मिळतं. आईला बस, दवाखाना, बाजार, शेजारीण ओळखीची झालेली असते. एप्रिल गाठायचा तर कुटुंबाच्या व्हिसाचे कागद आदल्या दिवाळीआधीच लावायला हवेत.