व्हिडिओ गेमचे कलारूप : नियम आणि अर्थ

व्हिडिओ गेम ही कला होय काय, ह्या प्रश्नाची चर्चा करताना बहुधा चित्र, संगीत व कथानक ह्यांचेच गुण मोजले जातात. परंतु हे तिन्ही घटक अन्य कलांतून आलेले आहेत. खेळाचा स्वतःचा घटक म्हणजे नियम. म्हणून खेळाची थोरवी ठरविताना त्याच्या नियमांतून काही अर्थ व्यक्त होतो काय, हे प्रथम पाहिले पाहिजे.

फेर्दिनां द सोस्यूर ह्याच्या इ. स. १९१६ मध्ये मरणोत्तर प्रसिद्ध झालेल्या व्याख्यानग्रंथात भाषेला बुद्धिबळाची उपमा दिलेली आहे. मोहरे लाकडाचे असोत वा हस्तिदंताचे, खेळात फरक पडत नाही. त्यांची संख्या बदलली, तर मात्र खेळाचे ‘व्याकरण’च बदलते.

ह्या व्याकरणातून अर्थ कसा निर्माण होतो, हे मोक्षपटावरून कळते. ज्ञानेश्वरांशी परंपरेने जोडलेल्या ह्या खेळात सद्गुणांच्या शिड्या व दुर्गुणांचे साप असतात. पटावरील उपदेश मनात ठसण्यापूर्वीच पतनाचा अनुभव खेळणाऱ्याच्या वाट्यास येतो. तथापि येथे निवडीस वाव नाही. दान पडेल तसे जावे लागते.

व्हिडिओ गेममध्ये निवडीस वाव मिळाला आणि नेमका तोच आक्षेपाचा विषय झाला. निवड खेळणाऱ्याच्या हाती गेली की कर्त्याचे नियंत्रण सुटते, असे अमेरिकन चित्रपटसमीक्षक रॉजर एबर्ट ह्याचे इ. स. २००५ मधील प्रतिपादन होते. लूकस पोप ह्याचा ‘पेपर्स, प्लीज’ (२०१३) हा खेळ त्यास उत्तर देतो. येथे खेळणारा एका काल्पनिक राष्ट्राच्या सीमेवरील तपासनीस असतो. तपासलेल्या माणसांच्या संख्येवर त्याची मिळकत, तिच्यावर कुटुंबाचे अन्न व ऊब अवलंबून. चुका वाढल्या की दंड. एका पतीची कागदपत्रे पुरी असतात; मागून येणाऱ्या पत्नीजवळ परवाना नसतो. तिला सोडावे की परतवावे? निवड खेळणाऱ्याची, परंतु त्या निवडीची किंमत कर्त्याने ठरविलेली आहे. कर्त्याचे नियंत्रण येथे नाहीसे होत नाही. ते नियमांत राहते.

ह्या दृष्टीने पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स ह्या संस्थेचा ‘राजी’ (२०२०) हा खेळ विचारार्ह आहे. पहाडी चित्रशैलीचा संस्कार व छायाबाहुल्यांतून सांगितलेली कथा ह्यांमुळे त्याचे दृश्यरूप मनोहर झाले आहे. मात्र त्यातील युद्धाचे नियम जगभरच्या परिचित साहसखेळांचेच आहेत. चित्रे देशी, व्याकरण परके, असा हा प्रकार होय.

देशी नियम म्हणजे काय, हे समजण्यासाठी पेठ वडगावच्या आसपासचे उसाचे फड पुरेसे आहेत. कोल्हापूर जिल्ह्यात हंगामास बीडसारख्या जिल्ह्यांतून तोडणी कामगार येतात. मुकादमाकडून घेतलेली उचल, पतिपत्नीचा मिळून एक कोयता, तोडलेल्या टनांवर होणारी फेड आणि आजारपणाच्या दिवशीही मांडला जाणारा खाडा, ही एक पूर्ण नियमव्यवस्थाच आहे. फडाचे सुंदर चित्र काढणारा खेळ ह्या व्यवस्थेची केवळ पार्श्वभूमी दाखवील. परंतु तापाने फणफणलेल्या बायकोस विश्रांती द्यावी की खाडा टाळावा, हा निर्णय जो खेळ खेळणाऱ्यावर सोपवील व त्याचा हिशेब हंगामाच्या अखेरीस त्याच्यापुढे ठेवील, त्यास कलाकृती म्हणण्यास प्रत्यवाय राहणार नाही.