घासाचं नत्र जातं कुठे?

संगमनेर, राहुरी, अकोले या दुधाच्या पट्ट्यात नुसतं ‘घास’ म्हटलं, तरी लसूणघासच समजायचा. गोठ्याजवळच्या चार-पाच गुंठ्यांत तो उभा असतो, महिन्याला कापला जातो आणि गायीपुढे पडतो. हाच घास आता शहरातल्या बागप्रेमींकडे ‘अल्फाल्फा’ म्हणून आला आहे. माती जिवंत करणारा, स्वतःचं खत स्वतः बनवणारा अशी त्याची कीर्ती. कीर्ती खोटी नाही, पण ती अर्धीच सांगितली जाते. द्विदल पीक लावलं की जमिनीत नत्र साठतं, हे आपण शाळेपासून ऐकत आलो आहोत. घासाच्या बाबतीत हे वाक्य हिशेबाला बसवून पाहायला हवं.

हवेत नत्र 78 टक्के आहे, पण त्याच्या रेणूतले दोन अणू एकमेकांना इतके घट्ट धरून असतात की वनस्पतीला ते सोडवता येत नाहीत. द्विदलांच्या मुळांवरच्या गाठींमधले जिवाणू हे काम करतात, हे जर्मनीत हेलरीगेल आणि विल्फार्थ यांनी 1880 च्या दशकात दाखवून दिलं. घासाच्या मुळातून ल्युटिओलिनसारखी द्रव्यं बाहेर झिरपतात; ती ओळखीच्या जिवाणूपर्यंत पोचली की गाठ तयार करणारी त्याची जनुकं जागी होतात. ल्युटिओलिनचं हे काम 1986 मध्ये अमेरिकेत शॅरन लाँग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घासावरच शोधलं. मग जिवाणू मुळात शिरतो आणि गाठ धरते. नत्र फोडणाऱ्या विकराला प्राणवायू चालत नाही, आणि जिवाणूला श्वसनासाठी तर तो लागतोच. ही अडचण सोडवायला गाठीत आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनच्या नात्यातलं एक प्रथिन असतं. ते प्राणवायू धरून ठेवतं आणि बेताबेताने सोडतं.

या प्रथिनाच्या लालसर रंगामुळे बागेत एक साधी परीक्षा करता येते. कोवळं रोप मातीसकट हलकेच उपटा, मुळावरची बोटासारखी लांबट गाठ नखाने चिरा. आत गुलाबी दिसली तर काम चालू आहे; पांढरी किंवा हिरवट असेल तर नाही.

हा जिवाणू मात्र निवडक आहे. हरभऱ्याचा, तुरीचा किंवा भुईमुगाचा जिवाणू घासाला उपयोगी नाही. संवर्धकाचं पाकीट घेताना ते घासासाठीचंच आहे ना, हे वाचून घ्यावं. पण आपल्याकडे एक सोय आहे. मेथीच्या मुळावर गाठी करणारा जिवाणू घासालाही चालतो. ज्या वाफ्यात मेथीला चांगल्या गाठी धरल्या होत्या, तिथली ओंजळभर माती घासाच्या वाफ्यात मिसळली तरी सुरुवात होते.

आता हिशेब. चांगला पोसलेला घास हेक्टरी वर्षाला साधारण 150 ते 250 किलो नत्र हवेतून बांधतो. आकडा मोठा आहे, पण त्यातला बराचसा भाग मातीत न राहता झाडाच्या हिरव्या अंगात जातो. वाळलेल्या घासात सुमारे 3 टक्के नत्र असतं, म्हणजे एक टन वाळला घास वाफ्याबाहेर नेला की 30 किलो नत्र गेलं. युरियाच्या 45 किलोच्या गोणीत ते जेमतेम 21 किलो असतं. नत्र निदान हवेतून आलेलं असतं; पण त्याच टनाबरोबर 20 किलोहून अधिक पालाश जातं, थोडं स्फुरदही जातं, आणि ही दोन्ही मातीचीच. घास कापून गायीला घालणाऱ्याचं शेण परत त्याच रानात येतं, म्हणून तिथलं चक्र निदान पुरं होतं. घास विकणाऱ्याचं रान मात्र पालाश गमावत राहतं. घास लावला म्हणून माती सुधारली असं समजणाऱ्यांनी ही बाजूही वहीत मांडावी.

बागेत याचा अर्थ सरळ आहे: कापलेला घास मातीलाच परत द्यायचा. पाच किलो हिरवा घास म्हणजे जवळपास किलोभर वाळला आणि त्यात 30 ग्रॅम नत्र. त्याचं कर्ब-नत्र प्रमाण पंधराच्या आसपास असल्याने तो लवकर कुजतो. उसाचं पाचट किंवा गव्हाचं काड नुसतं पसरलं तर ते कुजवताना जिवाणू मातीतलंच नत्र ओढून घेतात. त्याच्या जोडीला घासाचा थर दिला की ती ओढ कमी होते. कंपोस्टच्या ढिगातही त्याचं काम तेच. कापणी साधारण दहा टक्के झाडांना जांभळी फुलं दिसली की करावी. तोवर मुळात पुढच्या फुटव्यासाठी शिदोरी साठलेली असते. फार कोवळा कापत राहिलं की ती साठत नाही आणि झाड खंगतं. कापणीनंतर बऱ्याच गाठी काही काळ मंदावतात, नवा पाला फुटला की पुन्हा कामाला लागतात. आणि घासाला युरिया किंवा भरमसाट शेणखत घालू नये. मातीत आयतं नत्र मिळालं की झाड गाठींवरचा खर्च थांबवतं, आणि ते त्याच्या दृष्टीने शहाणपणाचंच आहे.

घासाच्या आच्छादनाबद्दल एक गोष्ट नेहमी सांगितली जाते. 1977 मध्ये मिशिगन स्टेट विद्यापीठात स्टॅन्ली रीझ यांना घासात ट्रायकॉन्टॅनॉल हा वाढीला चालना देणारा पदार्थ सापडला. आपल्याकडच्या कृषी सेवा केंद्रांत तो बाटलीबंद मिळतो. प्रयोगांत त्याचे परिणाम कधी ठळक, कधी शून्य, असे आले आहेत. त्यामुळे त्यावर विसंबून घास लावायचं कारण नाही. नत्र आणि मुळं एवढं भांडवल पुरेसं आहे.

मुळं खरोखर जबरदस्त. सोटमूळ दोन-तीन मीटर सहज उतरतं, मोकळी माती मिळाली तर त्याहून बरंच खोल. इतर पिकांच्या मुळांच्या आवाक्याबाहेर झिरपलेलं नत्र ते वर आणतं, आणि मूळ मेल्यावर उरलेल्या नळीतून पुढच्या पिकाची मुळं आणि पाणी खाली जातं. गच्चीवरच्या फूटभर कुंडीत यातलं काही होत नाही. तिथे घास म्हणजे आच्छादनाचा पाला, एवढंच.

जागाही पाहून निवडावी. निचरा हवा आणि माती आम्लधर्मी नको. कोकणातल्या जांभ्या मातीत घास रमत नाही, तळाशी पाणी साचणाऱ्या काळ्या रानातही मुळं कुजतात. पाणी तर तो बेसुमार पितो. कोलोरॅडो नदीच्या खोऱ्यात माणसं वापरतात त्या पाण्याचा सर्वांत मोठा वाटा अल्फाल्फा आणि तत्सम चाऱ्यालाच जातो. उन्हाळ्यात टँकर येणाऱ्या गावात माती सुधारण्यासाठी घास लावणं मला उफराटं वाटतं. तिथे पावसावरचा ताग किंवा चवळी बरी.

पाणी असेल तर ऑक्टोबर-नोव्हेंबरात फूटभर अंतराच्या ओळींत, सेंटिमीटरभर खोल पेरावं. गुंठ्याला पाव किलो बी पुरतं. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचा आरएल-88 हा बहुवार्षिक वाण आहे. बी प्रमाणितच घ्यावं, कारण साध्या बियाण्यातून अमरवेल येते आणि एकदा वेढा घातला की ती खुरपून जात नाही.

तीन-चार वर्षांनी वाफा विरळ होतो. मोकळ्या जागी नवं बी टाकावंसं वाटतं, पण ते नीट उगवत नाही. जुन्या घासातून मातीत उतरलेली द्रव्यं घासाच्याच कोवळ्या रोपांची मुळं खुंटवतात. अशा वेळी झाडं बुडख्याखाली कुदळीने तोडावीत, मुळं आतच कुजू द्यावीत आणि त्या जागी मका किंवा कोबी लावावा. दोन्ही नत्राची हावरी पिकं आहेत आणि कुजणाऱ्या मुळांतून त्यांना ते महिनोन् महिने मिळत राहतं. घास पुन्हा हवा असेल, तर निदान वर्षभर तरी तो दुसऱ्या वाफ्यात.