नाग नदीतली मगर आणि तिचं हृदय

२०२१च्या अखेरीस नागपूरच्या नाग नदीत मगर दिसली, तेव्हा बोलणं झालं ते तिच्या जबड्याचं. तिचं हृदय जास्त नवलाचं आहे. साप, सरडे, कासवं यांच्या हृदयात रक्त घेणारे दोन कप्पे, म्हणजे अलिंदं, आणि रक्त बाहेर ढकलणारा अर्धवट पडद्याचा एक निलय असतो. मगरीत हा पडदा पूर्ण, म्हणजे आपल्यासारखेच चार कप्पे. मात्र उजव्या निलयातून फुप्फुसाच्या धमनीबरोबर डावी महाधमनीही निघते. ती डाव्या निलयातून निघणाऱ्या उजव्या महाधमनीला एका छिद्राने जोडलेली असते. पानिझा या इटालियन शरीररचनाशास्त्रज्ञाचं नाव त्याला आहे. पाण्याखाली श्वास रोखला की फुप्फुसांची वाट आवळली जाते आणि तिकडचं बरंचसं रक्त पुन्हा शरीराकडेच वळतं.

माशाचं दोन कप्प्यांत भागतं: हृदयातून कल्ल्यांकडे, तिथून थेट शरीराकडे. विदर्भात आवडीने खाल्ली जाणारी मरळ वर येऊन हवाही घेते. गंमत अशी, की त्या हवेतला ऑक्सिजन घेतलेलं रक्त हृदयाकडे परतणाऱ्या अशुद्ध रक्तात मिसळतं. रचना गैरसोयीचीच म्हणायची. पण उन्हाळ्यात आटणाऱ्या तळ्यात मरळ टिकते ती याच सोयीवर.

बेडकाला तीन कप्पे. इथेही मरळीसारखंच: त्वचेतून ऑक्सिजन घेतलेलं रक्त अशुद्ध रक्ताबरोबर त्याच्या उजव्या अलिंदात येतं.

पक्षी आणि सस्तन दोघांनाही चार कप्पे, पण महाधमनीची कमान वेगळी: फुटाळा तलावावरच्या बगळ्यात ती उजवीकडे वळते, काठावर उभ्या माणसात डावीकडे.