कुंडीतून आलेला न्यूमोनिया: चाळीस वर्षांचा मागोवा

जुलै 1976. फिलाडेल्फियातल्या बेलव्ह्यू-स्ट्रॅटफर्ड हॉटेलातलं अधिवेशन आटोपून घरी परतलेले अमेरिकी माजी सैनिक न्यूमोनियाने पटापट आजारी पडू लागले. काही महिने जंतू हाती लागेना. अटलांटाच्या सीडीसी या रोग नियंत्रण संस्थेतले संशोधक जोसेफ मॅकडेड यांना गिनीपिगच्या ऊतींच्या काचपट्ट्यांवर तुरळक दंडाकार जिवाणू आधीच दिसले होते, पण त्यांनी ते बाजूला ठेवले होते. वर्षअखेरीस त्याच पट्ट्या त्यांनी पुन्हा पाहिल्या आणि जानेवारी 1977मध्ये लेजिओनेला हा जिवाणू जगासमोर आला. पुढे त्याचा माग कूलिंग टॉवर आणि नळाच्या पाण्यापर्यंत गेला. लेजिओनेला म्हणजे पाणी, हे समीकरण डॉक्टरांच्या डोक्यात पक्कं बसलं.

1988-89मध्ये दक्षिण ऑस्ट्रेलियात त्याला तडा गेला. तिथले रुग्ण बागकाम करणारे होते आणि जंतू होता लेजिओनेलाचीच एक जात, लेजिओनेला लाँगबीची. संशोधक ट्रेव्हर स्टील यांना तो कुंड्या भरायच्या पॉटिंग मिक्समध्ये सापडला. पिशव्यांवर इशारे छापले जाऊ लागले.

निदान मात्र मागेच राहिलं. लघवीची झटपट चाचणी आली, पण ती प्रामुख्याने लेजिओनेला न्यूमोफिला या जातीचा एकच प्रकार ओळखते. लाँगबीची असेल तर अहवाल ‘निगेटिव्ह’ येतो आणि डॉक्टर निर्धास्त होतात. प्रयोगशाळेत जंतू वाढवायच्या नेहमीच्या माध्यमावर हा जंतू वाढत नाही. त्याला कोळशाची पूड घातलेलं काळं माध्यम लागतं, आणि ते मुद्दाम मागावं लागतं.

न्यूझीलंडमधल्या क्राइस्टचर्चच्या प्रयोगशाळेने 2010च्या अखेरीस हे मागणं डॉक्टरांवर सोडलंच नाही. न्यूमोनियाच्या रुग्णाचा बेडका आला की लेजिओनेलाची पीसीआर, म्हणजे जंतूचा डीएनए शोधणारी चाचणी, ठरलेलीच. निदान झालेले रुग्ण चौपटीहून वाढले. आजार एकाएकी फोफावला नव्हता. तो आधीही होता, फक्त त्याला शोधत कोणी नव्हतं. मग 2015-16मध्ये देशभर अशी तपासणी झाली, तेव्हाही लाँगबीचीच आघाडीवर होता.

निदानातला उशीर रुग्णाला महागात पडतो. जंतू आपल्याच पेशींत दडून वाढतो, त्यामुळे पेनिसिलिन गटातली औषधं लागू पडत नाहीत. अझिथ्रोमायसिन किंवा लिव्होफ्लॉक्सॅसिन लागतं. ताप, कोरडा खोकला, जुलाब, रक्तात घटलेलं सोडियम, असं चित्र दिसलं की ‘गेल्या दोन आठवड्यांत पॉटिंग मिक्सची किंवा कंपोस्टची पिशवी फोडलीत का?’ हे विचारायला अर्धं मिनिट पुरतं. उत्तर ‘हो’ आलं, तर लघवीच्या अहवालावर न थांबता बेडका पीसीआरला पाठवायचा आणि औषध त्याआधीच सुरू करायचं.