अँटिव्हायरसची परीक्षा कोण घेतो?

डब्यावर 'संपूर्ण संरक्षण' असे छापणे सोपे असते. ते संरक्षण खरोखर मिळते का, हे तपासणाऱ्या संस्था जगात आहेत. त्यांची गुणपत्रिका वाचायला शिकले, तर पैसाही वाचेल आणि मनस्तापही.

मुंबईचा लॅमिंग्टन रोड असो की लखनौचे नाझा मार्केट, नवा संगणक घेतला की दुकानदाराचा एक प्रश्न ठरलेला असतो, ''अँटिव्हायरस कोणता टाकू?'' आपण उत्तर शोधत असतानाच तो मागच्या फळीवरचा एक डबा काढून समोर ठेवतो. घरी आल्यावर शेजारचा कॉलेजकुमार दुसरेच नाव सांगतो. मेव्हणे म्हणतात, ''पैसे कशाला घालवता? मी तर फुकटचा वापरतो.'' शेवटी ज्याचा आवाज मोठा, त्याचा सल्ला मानला जातो.

एरवी आपण इतके भोळे नसतो. सोने घेताना हॉलमार्क बघतो, इस्त्री घेताना आयएसआयची खूण शोधतो, फ्रिजवरचे तारे मोजतो. मग ज्या संगणकात मुलांचे प्रकल्प, घराच्या कर्जाची कागदपत्रे, बँकेचे व्यवहार आणि आईवडिलांचे जुने फोटो आहेत, त्याच्या राखणदाराची पारख नुसत्या ऐकीव गोष्टींवर का करायची?

दोन भाऊ लाहोरचे, दोन भाऊ पुण्याचे

आयबीएम पीसी जातीच्या संगणकांवर पसरलेला पहिला व्हायरस १९८६ साली आपल्या शेजारीच, लाहोरमध्ये जन्मला. बासित आणि अमजद फारूक अल्वी या भावांनी तो लिहिला. त्याचे नाव 'ब्रेन'. फ्लॉपीवरून फ्लॉपीवर जाणाऱ्या या व्हायरसमध्ये त्यांनी स्वतःच्या दुकानाचा पत्ता आणि फोन नंबरही घातला होता!

व्हायरस आला तसे त्याचे औषधही आले आणि त्यातले एक मराठी घरात तयार झाले. सातारा जिल्ह्यातून पुण्यात आलेल्या काटकर कुटुंबातील थोरले कैलास यांनी दहावीनंतर शिक्षण सोडले. कॅल्क्युलेटर दुरुस्त करता करता ते संगणक दुरुस्तीकडे वळले. धाकटे संजय यांनी मात्र संगणकशास्त्रच शिकावे, असा त्यांचा आग्रह होता. दुरुस्तीला येणारी यंत्रे व्हायरसने आजारी असतात, हे थोरल्याने पाहिले आणि धाकट्याने त्यांवर उतारा लिहायला घेतला. १९९०च्या दशकाच्या मध्यावर त्यातून 'क्विक हील' बाजारात आले. पुढे २००७ साली कंपनीनेही तेच नाव घेतले आणि फेब्रुवारी २०१६ मध्ये तिचे समभाग शेअर बाजारात आले.

ही कहाणी अभिमानाची आहे. पण आपला माणूस म्हणून त्याचे औषध चांगले असे मानणे जितके चूक, तितकेच परदेशी म्हणून ते उत्तम मानणेही चूक. औषध चालते की नाही, हे तिऱ्हाइताने तपासायला हवे.

गुणपत्रिका अशी तयार होते

हे तिऱ्हाईत प्रामुख्याने तीन आहेत. इंग्लंडचे 'व्हायरस बुलेटिन' १९८९ साली नियतकालिक म्हणून सुरू झाले आणि १९९८ पासून 'व्हीबी१००' ही खूण देऊ लागले. जर्मनीतील माग्डेबुर्ग शहरात 'एव्ही-टेस्ट' आहे, तर ऑस्ट्रियातील इन्सब्रुक येथे 'एव्ही-कम्पॅरेटिव्ह्ज'. त्यांचे निकाल कोणालाही फुकट वाचता येतात.

पद्धत समजायला अवघड नाही. एकसारखे संगणक घ्यायचे, प्रत्येकावर एकेक अँटिव्हायरस बसवायचा आणि त्या सर्वांसमोर त्याच दिवशी तीच संकटे ठेवायची. त्यात गेल्या काही दिवसांत पसरलेल्या घातक फाइली असतात, तसेच त्या क्षणी इंटरनेटवर जिवंत असलेले फसवे पत्तेही असतात. जुने चोर पोलिसांच्या यादीत असतातच. खरी परीक्षा कालच गावात आलेल्या चोराला ओळखण्यात असते. दररोज साडेचार लाखांहून अधिक नव्या घातक आणि नकोशा प्रोग्रॅमची नोंद होते, असे एव्ही-टेस्ट सांगते. म्हणूनच वर्षभरापूर्वीचे प्रशस्तिपत्र आज फारसे कामाचे नसते.

एव्ही-टेस्टच्या गुणपत्रिकेत तीन विषय असतात : संरक्षण, संगणकाचा वेग आणि वापरातील सुलभता. प्रत्येक विषयाला सहा, असे एकूण अठरा गुण. पहिला विषय उघड आहे. दुसऱ्यात फाइल कॉपी करणे, प्रोग्रॅम बसवणे, वेबसाइट उघडणे ही रोजची कामे किती मंदावतात, ते मोजतात. चोराला अडवण्यासाठी दाराला इतकी कुलपे लावली, की घरच्यांनाच आत यायला अर्धा तास लागला, तर काय उपयोग? तिसऱ्या विषयाचे नाव फसवे आहे. त्यात मुख्यतः खोटे गजर मोजले जातात.

खोट्या गजराचा घोटाळा

कुत्रा दूधवाल्यावरही भुंकतो आणि पोस्टमनलाही चावतो, तर तो राखणदार नव्हे, डोकेदुखी. २१ एप्रिल २०१० रोजी मॅकॅफी या नामांकित कंपनीने पाठवलेल्या अपडेटने विंडोज एक्सपीची एक अत्यावश्यक फाइलच व्हायरस ठरवून बाजूला काढली. जगभरातील हजारो संगणक पुन्हा पुन्हा बंद-चालू होत राहिले. त्या दिवशी नुकसान राखणदारानेच केले.

म्हणून 'व्हीबी१००'चा मूळ नियम कडक होता. प्रत्यक्ष फिरत असलेल्या व्हायरसच्या ठरावीक यादीतील प्रत्येक नमुना पकडायचा आणि एकाही निर्दोष फाइलवर आळ घ्यायचा नाही. एक चूक झाली, तरी नापास. एव्ही-कम्पॅरेटिव्ह्जमध्येही खोटे गजर जास्त झाले, तर पकडण्याचे प्रमाण उत्तम असूनही श्रेणी खाली येते.

परीक्षेची फी आणि डमी विद्यार्थी

इथे चाणाक्ष वाचक विचारील, की या संस्थांचा खर्च कोण करतो? बऱ्याच अंशी अँटिव्हायरस कंपन्याच. मग निकालावर विश्वास ठेवायचा कसा?

बोर्डाच्या परीक्षेचा विचार करा. फी विद्यार्थीच भरतो, पण प्रश्नपत्रिका तो काढत नाही, उत्तरे तो तपासत नाही. बोर्डाने पैशांसाठी गुण वाटले, तर त्याच्या प्रमाणपत्राला किंमत उरणार नाही. या संस्थांचे भांडवलही त्यांचे नावच आहे. शिवाय चाचण्या कशा घ्याव्यात, याचे दंडक ठरवण्यासाठी २००८ साली 'अ‍ॅमत्सो' ही संघटना स्थापन झाली.

तरीही कॉपी होतेच. २०१५ साली चीनच्या चिहू ३६० या कंपनीचे प्रकरण गाजले. परीक्षेला पाठवलेल्या तिच्या प्रोग्रॅममध्ये बिटडिफेंडर या दुसऱ्या कंपनीचे इंजिन चालू होते. चीनमधील ग्राहकांना मिळणाऱ्या प्रोग्रॅममध्ये मात्र ते सुरुवातीला बंद असे आणि कंपनीचे स्वतःचे इंजिन काम करी. म्हणजे परीक्षेला बसला एक आणि नोकरीवर आला दुसराच! हा प्रकार लक्षात येताच तिन्ही संस्थांनी एकत्र निवेदन काढून कंपनीचे त्या वर्षीचे सन्मान काढून घेतले. या घटनेने चाचण्यांची मर्यादाही दाखवली आणि त्यांची गरजही. तिऱ्हाईत नसता, तर ही लबाडी ग्राहकाला कधी कळली असती?

दशांशाच्या मागे धावू नका

जाहिरातीत '९९.५ टक्के' असे ठळक छापलेले दिसते आणि ९९ टक्केवाला बिचारा मागे पडतो. समजा, चाचणीत ४०० नमुने होते. पहिल्याचे दोन सुटले, दुसऱ्याचे चार. एवढाच तो फरक! पुढच्या चाचणीत तो उलटाही होऊ शकतो. म्हणूनच एव्ही-कम्पॅरेटिव्ह्ज जवळजवळ सारख्या निकालांच्या प्रोग्रॅमना एका गटात ठेवते. एका परीक्षेतील पहिला नंबर बघण्यापेक्षा दोन-तीन वर्षे, दोन संस्थांच्या चाचण्यांत सातत्याने वरच्या गटात कोण आहे, ते पाहावे. जाहिरातीतील पदकाखाली वर्ष आणि आवृत्ती लिहिली आहे का, हेही बघावे. घरगुती संगणकासाठी घेताना मोबाइलच्या चाचणीत मिळालेले पदक कामाचे नाही.

गुणपत्रिकेत नसलेला विषय

काही गोष्टी प्रयोगशाळेत मोजल्या जात नाहीत. त्यातली पहिली म्हणजे नियत. अवास्टचा फुकट अँटिव्हायरस चाचण्यांत चांगले गुण मिळवत असे. मात्र वापरणारे कोणकोणत्या वेबसाइट पाहतात, याची माहिती कंपनी आपल्या 'जम्पशॉट' या उपकंपनीमार्फत विकत होती. बभ्रा झाल्यावर जानेवारी २०२० मध्ये जम्पशॉट बंद करण्यात आली. २०२४ साली अमेरिकेच्या व्यापार आयोगाने अवास्टला १ कोटी ६५ लाख डॉलर भरायला लावले. चोरांपासून घर राखणारा गुरखाच घरातील गोष्टी बाजारात सांगत होता!

त्याच वर्षी अमेरिकेने रशियन कॅस्परस्कीच्या विक्रीवर राष्ट्रीय सुरक्षेच्या कारणाने बंदी घातली. कंपनीने आरोप नाकारले. तिचे चाचण्यांतील गुण वर्षानुवर्षे उत्तम होते. पण प्रश्न गुणांचा नव्हता, विश्वासाचा होता. तेव्हा गुणपत्रिकेबरोबर चारित्र्याचा दाखलाही पाहायला हवा.

फुकट की विकत?

मेव्हण्यांचे म्हणणे अगदीच चूक नाही. विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ पासून मायक्रोसॉफ्टचा डिफेंडर संगणकातच बसवलेला येतो. त्याच वर्षाच्या शेवटी मायक्रोसॉफ्टच्या फुकट सिक्युरिटी इसेन्शियल्सने एव्ही-टेस्टचे प्रमाणपत्र गमावले होते. पण नापास विद्यार्थ्याने अभ्यास केला. गेल्या काही वर्षांत डिफेंडर अनेकदा पूर्ण किंवा जवळजवळ पूर्ण गुण मिळवताना दिसतो. ज्या घरात संगणक जपून वापरला जातो, तिथे तो चालू असला, तर पुष्कळ झाले. मुलांवर देखरेख, अनेक उपकरणांसाठी एकच परवाना किंवा मराठी-हिंदीतून बोलणारा मदतनीस हवा असेल, तर विकतचा घ्यावा. पण तो या सोयींसाठी घ्यावा, भीतीपोटी नव्हे.

जिथे अँटिव्हायरस थांबतो

सर्वांत महत्त्वाची गोष्ट मात्र वेगळीच आहे. जुलै २०२५ मध्ये लखनौच्या न्यायालयाने 'डिजिटल अरेस्ट'च्या एका गुन्ह्यात आरोपीला सात वर्षांची शिक्षा सुनावली. अधिकारी असल्याची बतावणी करून, फोनवरून धाक घालून, एका डॉक्टरचे ८५ लाख रुपये लुबाडले गेले होते. यात संगणकात काहीच शिरले नव्हते. शिरली होती ती मनात भीती. आपल्याच हाताने बँकेतून पैसे पाठवणाऱ्याला अठरापैकी अठरा गुणांचा अँटिव्हायरसही अडवू शकत नाही.

लग्नपत्रिकेच्या किंवा वाहतूक दंडाच्या नावाखाली व्हॉट्सअ‍ॅपवर येणाऱ्या 'एपीके' फाइलींचेही तसेच. फोन आधी इशारा देतो. तो बाजूला सारून ''हो, बसवा'' म्हणणारे बोट आपलेच असते. घरातील वडीलधाऱ्यांना हे शांतपणे, न रागावता समजावून सांगणे ही मुलांची जबाबदारी आहे. फसलेल्या माणसाला घरच्यांच्या बोलण्याची धास्ती वाटली, की तो गप्प बसतो आणि तेवढ्या वेळात पैसे हातचे जातात.

घरासाठी एवढे करा

संगणकात एकाच वेळी दोन अँटिव्हायरस ठेवू नका. ते एकमेकांच्या पायांत पाय घालतात. नवा बसवण्याआधी जुना काढा. मुदत संपलेला परवाना म्हणजे रजेवर गेलेला पहारेकरी, हे लक्षात असू द्या. पहिल्या वर्षाची सवलत बघताना नूतनीकरणाची किंमतही विचारा.

पहारेकरी जागा आहे का, हे घरीच तपासता येते. त्यासाठी 'आयकार' नावाची ६८ अक्षरांची निरुपद्रवी फाइल आहे. ती उतरवताच अँटिव्हायरसने ओरडायला हवे. मात्र यातून तो चालू आहे एवढेच कळते, चांगला आहे की नाही ते नव्हे.

विंडोजचे अपडेट टाळू नका. १२ मे २०१७ रोजी 'वॉनाक्राय'ने सुमारे दीडशे देशांतील संगणक वेठीला धरले. आपल्याकडे आंध्र प्रदेशातील काही पोलीस ठाण्यांच्या संगणकांनाही झळ बसली. ज्या फटीतून तो शिरला, ती बुजवणारे अपडेट मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिले होते! विंडोज १० चा नेहमीचा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे, हेही ध्यानात घ्या.

फोटो आणि कागदपत्रांची एक प्रत वेगळ्या हार्ड डिस्कवर ठेवा आणि काम झाले, की ती डिस्क संगणकापासून काढून कपाटात ठेवा. खंडणी मागणारा व्हायरस कपाटापर्यंत पोहोचत नाही. संशय आला, तर केंद्र सरकारच्या 'सायबर स्वच्छता केंद्रा'ची मोफत साधने आहेत. पैसे गेलेच, तर क्षणाचाही विलंब न लावता १९३० या क्रमांकावर फोन करा.

पुढच्या खेपेला दुकानदाराने डबा पुढे केला, की एकच विचारा, ''याचा ताजा निकाल काय?'' त्याला उत्तर आले नाही, तरी हरकत नाही. घरी जाऊन निकाल बघायला पाच मिनिटेही लागत नाहीत. तेवढा वेळ आपण भाजीची जुडी पारखायलाही देतो.